बोटीच्या पोटात तीस वर्षे

आमचे गाव पिंपळनेर. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी वसलेले. गावाच्या पश्चिमेस सह्याद्रीचे डोंगर, त्यांच्यापलीकडे गुजरात आणि त्याच्याही पलीकडे समुद्र. आमच्या लहानपणी गावातील बहुतेक वडीलधाऱ्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. अशा गावातून आम्ही १९६५ साली नौदलात भरती झालो आणि १९९५ साली निवृत्त होऊन परतलो. खाऱ्या पाण्यावर तीस वर्षे काढलेला मनुष्य म्हणून गावात आम्हांला थोडा मान आहे. शाळेतील मुले विचारतात, “बाबा, समुद्र कसा असतो?” दर वेळी आम्ही अडखळतो. कारण, वाचकहो, खरे सांगायचे तर नोकरीतील फार मोठा काळ आम्हांला समुद्र दिसतच नव्हता.

आम्ही स्टोकर होतो. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ या नौदलाच्या संस्थेत आम्ही बॉयलर आणि टर्बाइन यांची विद्या शिकलो. डोंगरातल्या मुलाला समुद्रावरचे काम पुन्हा डोंगरातच शिकावे लागले, याचे त्या वेळी हसू येई. पुढे नेमणूक झाली ती ‘विक्रांत’वर. आपल्या देशाची ही पहिली विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे आपल्या नौदलात दाखल झाली होती. सुमारे सातशे फूट लांबीची ती नौका वरून पाहणाऱ्याला एखाद्या मैदानासारखी भासे. आमचे जग मात्र त्या मैदानाच्या कितीतरी खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली होते. एकामागून एक लोखंडी शिड्या उतरत जावे, तसतसा उजेड मागे राही आणि उकाडा वाढत जाई. चैत्र-वैशाखातील खानदेशी ऊन अंगावर घेतलेले होते म्हणूनच त्या उष्म्यात आम्ही टिकलो, असे आम्हांला वाटते.

चार तासांची पाळी असे. भट्टीत तेलाचे फवारे पेटलेले, कानांत पंख्यांचा अखंड घोष आणि डोळे काचेच्या नळीतील पाण्याच्या रेषेवर. ती रेषा फार खाली गेली तर बॉयलरच्या नळ्या जळतील. फार वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरून पाती मोडतील. आमच्या तीस वर्षांच्या नोकरीचे सार एका वाक्यात सांगायचे झाले तर ते इतकेच, की आम्ही एका रेषेवर नजर ठेवली.

पण घरी लिहिलेल्या पत्रांत ही रेषा कधी आली नाही. वडिलांना वाचता येत नव्हते. पत्र आले की शेजारचे गुरुजी ओट्यावर बसून ते वाचून दाखवीत आणि भोवती चार माणसे जमत. त्या माणसांसाठी आम्ही लिहीत असू, की बोट फार मोठी आहे, डेकवर गार वारा वाहतो, संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडताना आम्ही पाहतो, जिवाला कसलीही भीती नाही. सुट्टीवर आलो की वडील एवढेच विचारीत, “तुझे काम काय असते रे?” आम्ही म्हणत असू, “यंत्रावर देखरेख.” माय विचारी, “समुद्र कसा ऱ्हास रे भाऊ?” आणि आम्ही दोन्ही हात पसरून दाखवीत असू. आपण त्यांची काळजी वाचवतो आहोत, असा आमचा समज होता.

१९७१ चे वर्ष उजाडले तेव्हा ‘विक्रांत’ची प्रकृती बरी नव्हती. बॉयलरांच्या ड्रमांना तडे गेल्याचे आदल्या वर्षीच उघडकीस आले होते आणि नौका कित्येक महिने मुंबईत अडकून पडली होती. वाफेचा दाब बेताने ठेवून, वेगाला मर्यादा घालून तिला पुन्हा समुद्रावर नेण्यात आले. तशाच अवस्थेत ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरला तिच्यावरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढविले. ती विमाने वाफेच्या कॅटापल्टने हवेत फेकली जात. ती वाफ खालच्या बॉयलरांतूनच येई. वर विमान सुटले की आमच्या डोक्यावरचे पोलाद हादरे. तेवढ्यावरून आम्ही युद्ध ओळखीत होतो. तडे गेलेल्या लोखंडाशेजारी उभे राहून वाफ जपणे, हाच आमचा पराक्रम.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली. ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडले होते. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपल्या नौकेबरोबरच गेले. एकूण १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. त्यांत लोणावळ्याला आमच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा एक सोबती होता, तोही स्टोकर. बातमी आम्हांला कळली तेव्हा पाळीची वेळ झाली होती. आम्ही शिडी उतरलो आणि काचेच्या नळीसमोर जाऊन उभे राहिलो. तो त्या रात्री कोठे उभा असेल, हे आम्हांला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

युद्धाच्या दिवसांत पत्रे मागेपुढे होत. जानेवारीत टपालाची जाड गड्डी आली, तीत गुरुजींचे पत्र होते. वडील नोव्हेंबरातच गेले होते. शेवटच्या दिवसांत त्यांनी आमची जुनी पत्रे पुन्हा वाचून घेतली, असे गुरुजींनी लिहिले होते. “मुलगा गार वाऱ्यात आहे, सुखात आहे,” असे ते म्हणत. गुरुजींनी ते आमच्या समाधानासाठी लिहिले असणार. आम्हांला मात्र ते वाक्य आजवर सोसवलेले नाही. आम्ही ज्या जागी उभे होतो, ती जागा आमच्या वडिलांना कधी ठाऊकच झाली नाही. ते ज्या मुलाची वाट पाहत गेले, तो मुलगा पत्रांतला होता.

‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली आणि पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २००३ साली आम्ही मायला नाशिकमार्गे मुंबईला नेले. डेकवर खरोखरच गार वारा वाहत होता. माय म्हणाली, “इथेच उभा राहायचास ना?” पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या माउलीशी खोटे बोलवेना. आम्ही पायांखालच्या पोलादाकडे बोट दाखविले. म्हटले, “नाही माय, याच्या खूप खाली. पाण्याच्याही खाली.” ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग सावकाश वाकून तिने तळहात डेकवर टेकला आणि म्हणाली, “तेव्हाच सांगितले असतेस तर तेवढी काळजी आम्हीही वाटून घेतली असती.” हा तिचा राग नव्हता, ती दुखावली होती. सहा वर्षांनी ती गेली.

‘विक्रांत’ही राहिली नाही. २०१४ साली मुंबईच्या दारूखान्यात ती तोडण्यात आली. तिचे काही पोलाद एका मोटारसायकलीच्या इंधनटाकीत वापरले गेले. २०१६ साली आमचा पुतण्या तशी एक गाडी घेऊन दारात उभा राहिला. “काका, तुमची बोट आणली,” म्हणाला. उन्हात तापलेल्या त्या टाकीवर हात ठेवला आणि चटका बसला तरी तो पटकन उचलवला नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. ती गॅस टर्बाइनवर चालते. तिच्यात नौका चालविणारे बॉयलर नाहीत. त्या नळीवर नजर ठेवणारा स्टोकरही तिला नको. याचा आम्हांला आनंदच आहे.

अलीकडे आमच्या भागातील एक मुलगा अग्निवीर म्हणून नौदलात निवडला गेला आणि ओडिशातील चिल्का येथे प्रशिक्षणाला निघाला. जाण्यापूर्वी तो पाया पडायला आला तेव्हा आम्ही त्याला एकच गोष्ट सांगितली: “घरी खरे लिही. कोठे झोपतोस, कशाची भीती वाटते, ते लिही. घरची माणसे आपल्याला वाटतात त्याहून खंबीर असतात.” त्याला ते कितपत पटले, कोण जाणे. त्या वयात आम्हांलाही पटले नसते.

तो गेल्यावर आठवड्याने त्याची आई आली. पदर सावरीत ओट्याच्या कडेला टेकली आणि तिने तोच प्रश्न विचारला, “बाबा, समुद्र कसा ऱ्हास?” या वेळी आम्ही हात पसरले नाहीत. लोखंडी शिड्या, उष्मा, पाळ्या, मध्यरात्रीची जाग, सगळे तिला क्रमाने सांगितले, ‘खुकरी’चेही सांगितले. ती न रडता ऐकत राहिली. शेवटी तिने एवढेच विचारले, “मग इतक्या रात्री उठून तो जेवतो केव्हा?”

तेही आम्ही तिला सांगितले.