स्वेयानगर

दापोडीतल्या ॲटलास कॉप्कोचा पत्ता: स्वेयानगर, मुंबई-पुणे रस्ता. फुगेवाडी, कासारवाडीच्या शेजारात हे नगर कुणाचं? तर स्वेया म्हणजे आपल्या भारतमातेसारखी स्वीडनची माता. लेकरांनी परमुलखात येऊन आईच्या नावाची पाटी लावली. कंपनी १९६० साली भारतात आली, सँडविकही त्याच साली. पाठोपाठ चिंचवडला एसकेएफ.

*

१९७५ साली योहानसन आणि विडरशाइम-पॉल या उप्सालाच्या अभ्यासकांनी चार स्वीडिश कंपन्यांचा परदेशातला पसारा तपासला. चारांपैकी दोन सँडविक आणि ॲटलास कॉप्को, म्हणजे आपल्या दापोडीच्याच! सार असं: कंपनी आधी भाषेने, रीतीभातीने जवळच्या देशात जाते, तिथेही आधी एजंट, मग विक्रीचं ऑफिस, कारखाना शेवटी. अंतर मोजायचं ते ओळखीचं.

मग १९६० साली दापोडी कशी? तेव्हा आयातीवर इतकी बंधनं होती, की इथे माल खपवायचा तर इथेच बनवणं भाग होतं. परकेपणापेक्षा परवाना जड.

*

मर्सिडीजचं मात्र पुस्तकाबरहुकूम झालं. डाइम्लर आणि टाटांचा ट्रकमधला घरोबा १९५४ पासूनचा. त्यामुळे १९९५ मध्ये गाडी बनू लागली ती पिंपरीत, टाटांच्या टेल्कोच्याच आवारात. चाकणला स्वतःचं घर २००९ मध्ये. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखानाही त्याच वर्षीचा.

*

आपलं ‘बघू’ म्हणजे बहुधा ‘नाही’. ‘होऊन जाईल’ म्हणजे काम अजून हातात घेतलेलं नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये परदेशी पाहुण्याने विचारलं, डाय कधी मिळेल? मालक म्हणाले, “होऊन जाईल साहेब. मध्ये गुरुवार आला ना.” गुरुवारी इथे एमआयडीसी बंद असते, हे पाहुण्याला कोण सांगणार? त्याने डायरीत लिहून घेतलं: गुरुवार.

*

तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० अखेर थांबला. घ्यायला चीनची ग्रेट वॉल तयार होती; बोलणी त्याच वर्षी जानेवारीत ठरली होती. नकाशावर पाहिलं तर शेजारीच. पण एप्रिलमध्ये, सरहद्दीला लागून असलेल्या देशांच्या गुंतवणुकीला केंद्राची परवानगी सक्तीची झाली. ती काही मिळाली नाही, आणि २०२२ मध्ये व्यवहार बारगळला. उप्सालाच्या हिशेबात हे अंतर कुठल्या रकान्यात घालायचं?

२०२३ मध्ये कारखाना घेण्याचा करार केला तो कोरियाच्या ह्युंदाईने.