ठिणगीच्या शोधात नाना पेठेत

सॅलरी क्रेडिट झाली, की बाइकवेड्यांच्या डोक्यातला किडा वळवळायला लागतो. सायलेन्सर बदलून झाला, एलईडी लावून झाले, आता पुढे काय? तर इग्निशन! इरिडियम प्लग, जास्त व्होल्टेजची कॉइल, ‘रेसिंग’ सीडीआय... आणि पुण्यात हे सगळं एका जागी बघायचं तर नाना पेठेला पर्याय नाही, बॉस!

लक्ष्मी रोडनं सोन्या मारुती चौक ओलांडून क्वार्टर गेटकडे निघा. साड्या आणि सराफी दुकानं मागे पडतात आणि रस्त्याचा वासच बदलतो. रबर, ग्रीस, नवं पॅकिंग. दुकानं कपाटाएवढी, दारात माळांसारख्या टांगलेल्या क्लच केबल, आरसे, चेन सेट. गाडीचं नाव आणि साल सांगितलं, की काउंटरवरचा माणूस न बघता मागे हात घालतो आणि नेमकी डबी समोर ठेवतो.

माझा प्रश्न एकच होता. हे लावून गाडी खरंच जास्त पळते का?

काउंटरवर उत्तर मिळतं, “पिकअप, अ‍ॅव्हरेज, दोन्ही वाढणार!” खरं उत्तर हवं असेल, तर मागच्या बोळात गाड्या उघडून बसलेल्या मेकॅनिकला विचारायचं. तिथल्या एका चाचांची अर्धी हयात बुलेट खोलण्यात गेलीय. ते हसून म्हणाले, “ताई, शेगडी पेटवायला काडी केवढीही मोठी घ्या, चहा तेवढाच होणार.”

फंडा एवढाच आहे. ताकद येते पेट्रोल आणि हवेतून. ठिणगीचं काम ते मिश्रण वेळेवर पेटवणं. ते आधीच नीट पेटत असेल, तर ठिणगी दुप्पट मोठी करून काहीच हाती लागत नाही.

मग फरक कुठे पडतो? जुन्या गाड्यांत. कास्ट आयर्न बुलेटमध्ये पॉइंट असतात. ते सतत उघडमीट करतात, ठिणगीनं जळतात, झिजतात. ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची गॅप सरकली, की टायमिंग हलतं आणि गाडी मिसिंग करते. चाचांनी माझ्या बुलेटला आधी नुसते नवे पॉइंट आणि कंडेन्सर लावले. कात्रजचा जुना घाट ती न अडखळता चढली. महिन्याभरानं इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. किक सोपी झाली, आयडलिंग एकसारखं झालं, पॉइंट घासायची कटकट गेली. वेग? तोच! किटनं गाडी वेगवान होत नाही, ती बिघडायची थांबते. लांबच्या ट्रिपला हेही कमी नाही.

कुणी म्हणेल, २००३मध्ये बजाजनं पल्सरला दोन प्लगचं डीटीएस-आय दिलंच की! बरोबर. पण ते कारखान्यात आखलेलं होतं. दोन बाजूंनी आग लागून मिश्रण लवकर जळावं, यासाठी हेड आणि टायमिंग दोन्ही तसेच बनवले होते. वरून चिकटवलेल्या पार्टचं तसं नसतं. काही ‘रेसिंग’ सीडीआय टायमिंग पुढे ओढतात, काही इंजिनाच्या फेऱ्यांवरची मर्यादाच काढून टाकतात. टायमिंग फार पुढे गेलं, की घाटात लोडवर नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनचा जीव जातो. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर ठिणगीची वेळ बहुतेक ईसीयूच ठरवतो. तिथे उगाच बोट घालू नका.

इरिडियम प्लग मात्र फसवणूक नाही. त्या धातूचा वितळबिंदू २४०० अंश सेल्सियसच्या वर, त्यामुळे टोक बारीक ठेवता येतं आणि ते टिकतंही खूप. पैसे द्यायचे ते टिकण्यासाठी, पळण्यासाठी नाही.

मी तिथे असतानाच जुनी शंभर सीसी घेऊन एक डिलिव्हरीवाला पोरगा आला. दिवसभर गाडीवर, पेट्रोल स्वतःच्या खिशातून. काउंटरवर त्याला महागडा प्लग आणि कॉइल सुचवली होती, म्हणजे त्याची दोन दिवसांची कमाई. चाचांनी त्याचा प्लग काढला. काळाकुट्ट, काजळी धरलेला. मग एअर फिल्टर उघडला, तो धुळीनं गच्च. “बाळा, हिला श्वास येईना. ठिणगी काय करणार?” नवा फिल्टर, साधा प्लग, कार्बोरेटरची थोडी सेटिंग. पोरानं उरलेल्या नोटा मोजून खिशात घातल्या आणि पुढची ऑर्डर उचलली.

तेव्हा नाना पेठेत जरूर जा, पण जुना प्लग रुमालात गुंडाळून सोबत न्या. टोक फिकट तपकिरी असेल, तर इंजिन खूश आहे. काळं असेल तर आधी फिल्टर आणि कार्बोरेटर बघा, पांढरं पडलं असेल तर मेकॅनिककडे चला. पाकीट त्यानंतर काढा.