दहावीनंतर कोणती वाट?

दहावीचा निकाल लागला की पुढचे आठ-दहा दिवस आमच्या कचेरीसमोरचे बाकडे रिकामे राहत नाही. कुणी सुप्या-मोरगावच्या जिरायती भागातून येते, कुणी लासुर्णे, निमगाव केतकीहून, कुणी भिगवणहून. गुणपत्रिकेची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली असते. बोलण्याची सुरुवात मुलाच्या कौतुकाने होते आणि शेवट एकाच प्रश्नाने होतो: "सर, आता ह्याला कुठं घालायचा?"

स्मरणिका समितीने आमच्याकडे शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. आठवणी पुष्कळ आहेत. पण त्या बाकड्यावर विचारल्या गेलेल्या प्रश्नाला आम्ही जी उत्तरे दिली, त्यांचा हिशेब आधी मांडावा असे वाटते. उत्तरे देताना आम्ही फार ठाम होतो, म्हणून हिशेबही आम्हीच द्यायला हवा.

आमचे उत्तर ठरलेले असे. हुशार मुलाने बी.ए. करावे, पुढे बी.एड. किंवा एम.ए. करावे, जमल्यास स्पर्धा परीक्षा द्यावी. आयटीआयचे नाव आम्ही काढत असू ते पन्नास टक्क्यांच्या खाली राहिलेल्या मुलासाठी, आणि तेही आवाज थोडा खाली आणून. या उत्तराचा उगम आमच्याच घरात होता. वडील साखर कारखान्याच्या हंगामात बगॅस ओढायचे. हंगाम संपला की मिळेल त्या रोजगारावर जायचे. आम्ही इतिहासात एम.ए. झालो, नव्वदच्या दशकात राखीव जागेवर शिक्षक झालो, आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार घरात येऊ लागला. ज्या दरवाजातून आम्ही आत आलो, तोच दरवाजा प्रत्येक मुलाला दाखवीत राहिलो. आमच्या मागे तो हळूहळू लोटला जात होता, हे आमच्या लक्षात यायला फार वेळ लागला.

एका मुलाचे सांगतो. नाव सांगत नाही. तो ही स्मरणिका वाचेल. त्याला फिटर व्हायचे होते. वसतिगृहाची मोटार बिघडली की तो पाना घेऊन विहिरीवर हजर असायचा. दहावीला त्याला बहात्तर टक्के पडले. त्याचे वडील म्हणाले, "पोरगं आयटीआय म्हणतंय, दोन वर्सांत हाताला लागंल." आम्ही त्यांना समजावले. तुमच्या बापजाद्यांनी हातांनीच काम केले, आता याला डोक्याचे काम करू द्या, असे काहीतरी आम्ही बोललो. वडिलांनी हात जोडले आणि मुलाने मान खाली घातली. तो बी.ए. झाला, एम.ए. झाला, बी.एड. झाला, पुढे शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण झाला. आज तो सदतीस वर्षांचा आहे. अनेक वर्षे त्याने तासिका तत्त्वावर शिकवले. सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. संध्याकाळी तो एका अभ्यासिकेत बसतो, पूर्वी विद्यार्थी म्हणून बसायचा, आता तिची देखरेख करतो.

शिक्षकाची नोकरी कशी आकसत गेली हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि पहिली तीन वर्षे मानधनावर गेली. २०१२ साली शिक्षकभरती थांबली. २०१३ पासून पात्रता परीक्षा सुरू झाली, पुढे अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आले. या काळात डी.एड., बी.एड. झालेल्यांची रांग मात्र वाढतच होती, आणि त्या रांगेत आमची कितीतरी मुले आम्हीच नेऊन उभी केली होती. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीचे २०२२-२३ चे आकडे पाहावेत. पंधरा वर्षांवरील सर्वांमधील बेरोजगारी ३.२ टक्के, तर पदवीधरांमधील १३ टक्क्यांहून अधिक. याचा अर्थ शिकल्याने माणूस बेकार होतो असा मुळीच नाही. ज्याच्या घरी खायला नाही त्याला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मात्र पदवीला शोभेल अशा कामाची वाट पाहत थांबतो. आमच्या घरांतला पदवीधर तर दोन्हींकडून भरडला जातो, कारण त्याला थांबणेही परवडत नाही आणि पदवी घेऊन उसाच्या फडात उतरणेही सोसत नाही.

हातात अवजार घेण्याचे आम्हांला एवढे वावडे का होते? याचे उत्तर आमच्याच विषयात आहे, आणि ते आम्ही अर्धेच वाचले होते. वतन म्हणजे जन्माने ठरलेले काम. सांगावा पोहोचवणे, मेलेले जनावर ओढणे, सरकारी अंमलदाराची सरबराई करणे, आणि बदल्यात बलुते व तुकडाभर जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविषयीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. त्यामुळे हाताचे काम म्हटले की आमच्या मनात वतन उभे राहते.

पण उरलेला अर्धा भाग मुंबईच्या गिरण्यांत आहे. तेथे अस्पृश्य कामगारांना काम मिळत होते. मात्र चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्याचा दरवाजा त्यांना बंद होता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, त्यामुळे विटाळ होतो, हे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोकपणे ठेवला. म्हणजे आमच्या माणसांना कष्ट नाकारले नव्हते, कसब नाकारले होते. फावडे आमच्या हातात होतेच. धोटा येऊ दिला नव्हता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे असताना तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्याच खात्याच्या अखत्यारीत होती, आणि सेवायोजन कार्यालयांची सुरुवातही त्याच काळातली. हे सारे ठाऊक असूनही, फिटर होऊ पाहणाऱ्या त्या मुलाला आम्ही वतनाची भीती घातली.

आता आपल्या भागाकडे पाहू. बारामती आणि इंदापूर हे तालुके शेजारी असले तरी पाण्याने त्यांचे आतून तुकडे केले आहेत. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, त्याच्याखाली ऊस आला, उसामागून माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखाने आले. वालचंदनगरला साखरेच्या जोडीने अवजड यंत्रे घडवण्याचे काम सुरू झाले. इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची कवचे तेथे घडतात, हे इंदापूर तालुक्यातल्या किती मुलांना माहीत आहे, ते विचारून पाहावे. बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी वाहने, पोलादी नळ्या, दुग्धपदार्थ, चॉकलेट आणि तयार कपडे बनतात. कालवा ज्यांच्या शेतातून गेला त्यांचे नशीब निराळे. सहकारी कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागतो आणि उसाला जमीन लागते. कायम नोकरीचा ओघही बहुधा सभासदांच्या घरांकडे वळतो. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याच्या मुलाकडे दाखवायला कागद एकच, प्रमाणपत्राचा.

आणि कागदाकागदांत फरक आहे. गेली काही वर्षे आम्ही माजी विद्यार्थ्यांना भेटून विचारतो आहोत, त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. त्या कागदावाचून कुणाचे काम अडते का, हे पाहावे. प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट असल्याशिवाय कारखान्याचा बॉयलर कायद्याने चालवता येत नाही. औषधाच्या दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. रुग्णालयाला परिचारिका लागते, वीजजोडणीच्या कामाला परवानाधारक माणूस लागतो. साखर कारखान्याच्या आणि दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेला रसायनशास्त्राचा किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचा बी.एस्सी. लागतो. साखर कारखान्यांना आसवनी आणि सहवीजनिर्मिती जोडली गेल्यापासून ही गरज वाढली आहे. इतिहासात एम.ए. झालेल्या माणसावाचून मात्र बारामतीत कुणाचे काही अडत नाही, हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, पण खरे आहे ते खरे. आवड असेल तर इतिहास जरूर घ्यावा. त्याच्या जोडीला अडणारा एक कागद हवा. नुसती बी.ए. किंवा बी.कॉम. घेऊन एमआयडीसीच्या फाटकाशी उभा राहिलेला मुलगा आणि दहावी नापास मुलगा, दोघांनाही कंत्राटदार हेल्परच्याच रांगेत उभे करतो.

आयटीआयकडे गेले की पुढचा रस्ता संपतो, हा आमचा समजही चुकीचा होता. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर-इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला.

तरीही आयटीआय म्हणजे सोन्याची खाण, असे कुणी सांगत असेल तर त्यावरही विश्वास ठेवू नये. वर सांगितलेल्या मुलाचाच एक बाकमित्र आयटीआयला गेला होता. एक वर्ष शिकाऊ उमेदवार, मग कंत्राटी, आणि दर काही महिन्यांनी खंड. कायम व्हायला त्याला अकरा वर्षे लागली. त्याच्या बरोबरीचे दोघे अजून कंत्राटावरच आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे उमेदवाराला नंतर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. आणि कंत्राटावर असला तरी भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि ईएसआयचे कार्ड पहिल्याच महिन्यात मागून घ्यावे. "मागितलं तर कामावरनं काढत्याल" असे मुले म्हणतात. काढतातही. म्हणून एकट्याने मागू नये.

मुलींबाबत आम्ही कमी चुकलो, कारण त्यांना सल्लाच कमी दिला. दहावीनंतर लग्न लांबले तरी आम्ही समाधान मानत असू. ज्या चार-पाच जणी स्वतःच्या हट्टाने जीएनएमला गेल्या, त्यांतली एकही घरी बसलेली नाही. २०१९ साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शहरात खासगी रुग्णालयेही वाढली आहेत. रात्रपाळीवरून घरोघरी वाद झाले. एका आईने आम्हांला मध्यस्थीला बोलावले आणि आम्ही पोहोचेपर्यंत लेक कामावर निघून गेली होती.

गेल्या जूनमध्ये तोच आमचा एम.ए. झालेला विद्यार्थी भाच्याला घेऊन आला. बाकड्यावर बसला नाही, सरळ कचेरीत आला. "सर, ह्याचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. उद्या आयटीआयची फेरी आहे." कोणता ट्रेड, असे आम्ही विचारले. "इलेक्ट्रिशियन. त्यानंच ठरवलंय." आम्ही दाखल्यावर सही केली. भाच्याला काही सांगावे असे मनात आले होते, पण मामाने घड्याळाकडे पाहिले.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आयटीआय आणि पदविकेच्या प्रवेशाच्या फेऱ्या जून-जुलैत होतात. त्याआधीचा एक रविवार शाळेला द्यावा. आम्हांला बॉयलरवर काम करणारा हवा आहे, प्रयोगशाळेतला हवा आहे, रात्रपाळी करणारी परिचारिका हवी आहे, आणि अजून कायम न झालेला कंत्राटी कामगारही हवा आहे. पगाराचा आकडा खरा सांगावा. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. आम्ही मागच्या बाकावर बसू.