आतल्या माणसाचं माप

फरचं कापड कापायचं तर आधी ते पालथं घालावं लागतं. वरून कात्री चालवली की कापडाबरोबर केसही छाटले जातात आणि जोडावर टक्कल पडतं. म्हणून मागच्या विणीवर खडूने आखायचं, ब्लेडचं नुसतं टोक फिरवायचं आणि दोन तुकडे हलक्या हाताने ओढून सोडवायचे. लव कुठल्या दिशेने पडते तेही बघायचं. एक बाही उलट्या लवेची लागली तर उजेडात तिचा रंगच निराळा दिसतो. शिवून झालं की टाक्यांत अडकलेले केस सुईने उपसून काढायचे, वर कंगवा फिरवायचा. जोड कुठे होता ते शिवणाऱ्यालाही मग शोधावं लागतं. मैदानात नाचणारा वाघ, मॉलच्या दाराशी हात हलवणारं अस्वल, वाढदिवसाला येणारा मिकी माऊस, अशा फरच्या मॅस्कॉटांचं अंग असं उलट्या बाजूने घडतं.

डोकं मात्र फोमचं. सपाट फोममधून संत्र्याच्या फाकीच्या आकाराचे तुकडे कापायचे, कडांना सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की कडा एकमेकींवर दाबायच्या. घाई केली तर जोड सुटतो, आणि वाकडा बसला तर पुन्हा सरळ करता येत नाही. आत हेल्मेट बसवतात, हनुवटीला पट्टा, टाळूपाशी गरम हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा. डोळे बशीएवढे असले तरी बरेचदा नुसते शोभेचे. आतला माणूस बघतो तोंडातल्या काळ्या जाळीतून. गुडघ्याशी आलेलं पोर त्याला दिसतच नाही. म्हणून जाणते लोक त्याच्याबरोबर एक सोबती देतात. आपल्याकडे हा सोबती खर्चातून पहिला कापला जातो.

या धंद्यातली एक गोष्ट मला फार आवडते. फिलाडेल्फियाच्या फिलीज या बेसबॉल संघाचा 'फिली फनॅटिक' 25 एप्रिल 1978 रोजी मैदानात उतरला. हिरवागार, ढेरपोट्या, भोंग्यासारख्या तोंडाचा. तो घडवला बॉनी एरिक्सन आणि वेड हॅरिसन यांनी. मपेट्स या बाहुल्यांमधली मिस पिगी या एरिक्सनबाईंच्याच हातची. संघाचे बिल गाइल्स यांच्यापुढे दोन आकडे होते : नुसता पोशाख 3,900 डॉलर, कॉपीराइटसकट 5,200. त्यांनी नुसता पोशाख घेतला. पुढे तोच कॉपीराइट संघाने कितीतरी पट डॉलर मोजून विकत घेतला! वाटाघाट सगळी बाहेरच्या रूपाची. पण ते पोट डोलायचं ते आत शिरलेल्या डेव्ह रेमंडच्या चालीने, आणि तो तेव्हा संघाच्या कचेरीतला एक उमेदवार पोरगा. चाल काही फोममधून कापता येत नाही.

जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात मुखवट्यांची सोंगं निघतात ती रात्री. जड मुखवटा चढवलेला माणूस नाचत येतो, आपली पाळी संपली की मागे जातो. निदान ऊन तरी त्याच्या वाट्याला येत नाही. आमचा मिकी मे महिन्यातल्या रिसेप्शनला संध्याकाळी पाचपासून दाराशी उभा. हल्ली हवा भरलेले पोशाख आलेत. त्यांत पंखा हेच शरीर, बॅटरी संपली की पांडा जागच्या जागी खाली बसतो. आणि वास? फोमचं डोकं बादलीत बुचकळता येत नाही. आतून अल्कोहोल-पाण्याचा फवारा मारून ते सावलीत वाळवायला हवं. भाड्याचं डोकं वाळायच्या आधीच दुसऱ्या हॉलवर पोचलेलं असतं.

पोशाख चांगला की वाईट, हे बाहेरून ठरवण्यात अर्थ नाही. तो घालून वीस मिनिटं नाचून बघावं. पंखा कुठे हवा होता, जाळी किती मोठी हवी होती, सगळं कळतं. बहुतेक भाड्याचे पोशाख या परीक्षेत नापास होतील.

तुमच्या घरी वाढदिवसाला मिकी येणार असेल तर त्याला थोड्या थोड्या वेळाने आतल्या खोलीत न्या, पंख्याखाली बसवा, पाणी द्या. तोवर बाहेर केक वाटा. आणि खोलीचं दार आठवणीने लावून घ्या, पोरं मागोमाग येतात.