मित्रांकडून

'कोल्ड स्वेट' पुन्हा पाहिला. दिग्दर्शक टेरेन्स यंग, १९७०. इंग्रजी नाव कुठल्याही थरारपटाला चालेल. फ्रेंच नावाचा अर्थ मात्र 'मित्रांकडून'. आहेराच्या पाकिटावर लिहितात तसं. त्या एका शब्दात सगळी धास्ती आहे.

जो मार्टिन, म्हणजे चार्ल्स ब्रॉन्सन, दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर बोटी भाड्याने देतो. बायको, मुलगी, संध्याकाळी पत्ते. मग फोन वाजतो. जुने साथीदार परत आलेत, आणि ते बायको-मुलीला ओलीस धरतात.

जोचा गुन्हा नीट मांडून ठेवावासा वाटतो. लष्करी तुरुंगातून पळताना गाडी त्याच्या हाती होती. एका साथीदाराने पोलिसाचा जीव घेतला, तशी जोने गाडी काढली आणि बाकीच्यांना मागे टाकून निघून गेला. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर तो त्या खुनापासून दूर झाला. मित्रांच्या बाजूने पाहिलं तर दगा दिला. दोन्ही खरं आहे, आणि चित्रपट एकही बाजू पुसत नाही. म्हणून तो मला आवडतो.

ब्रॉन्सनचा चेहरा. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीत पोरवयात राबलेला माणूस. जोने बायकोपासून काय दडवलंय ते त्याला बोलून दाखवावं लागत नाही.

लिव्ह उलमनला ओलीस ठेवलेल्या बायकोपलीकडे फारसं काही दिलेलं नाही, हे खटकतं. चारच वर्षांपूर्वी बर्गमनच्या 'पर्सोना'त तिने जवळजवळ न बोलता पडदा भरला होता.

मूळ कादंबरी रिचर्ड मॅथिसनची, १९५९ ची. पुढे 'ड्युएल' ही कथाही त्याचीच. तिथेही स्टिअरिंगवर एक घाबरलेला माणूस आणि न संपणारा रस्ता.

गाडीचा पाठलाग प्रसिद्ध आहे. डोंगरातली वळणं, करकचणारे टायर, मागे पोलीस. पण मला वेगापेक्षा दिशा महत्त्वाची वाटते. टोळीचा म्होरक्या रॉस पोटात गोळी लागून पडलाय, बायको-मुलगी त्याच घरात अडकल्यात, आणि जोला डॉक्टर घेऊन परत यायचंय. तुरुंगातून पळताना तो दूर जाण्यासाठी गाडी हाकत होता. आता परत येण्यासाठी.

तिकडे जेम्स मेसनचा रॉस हळूहळू पांढरा पडतो. हातातलं पिस्तूल जड होत जातं. त्याची नजर दाराकडे. या माणसाची वाट त्याने आधी एकदा पाहिलेली आहे.