आपण हिरव्यात

२५ जुलै २०२४. सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणी घाटात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला होता. पुण्यात शिवाजीनगरला ११४. मी हिंजवडीत रूमवरून काम करत होतो. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते आणि आमचं गावही, पण ते धरणाकडे. मिळतील तेवढ्या ठिकाणांचे आकडे पायथनमध्ये टाकले, मधली जागा अंदाजाने भरली, मॅटप्लॉटलिबमध्ये नकाशा काढला आणि आण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवला.

रंगपट्टी निवडली 'जेट'. निळा, हिरवा, पिवळा, लाल. टीव्हीवरच्या हवामानासारखी भारी दिसते म्हणून.

आण्णांचा फोन आला. "आपुन हिरव्यात हाय की. मग कशाला भ्यायचं?"

मी मीटिंगमध्ये होतो. "हो" म्हणून फोन ठेवला.

ते ओढ्यापलीकडच्या खाचराचे बांध बघायला गेले. दुपारी ओढा चढला. संध्याकाळी सातपर्यंत ते पलीकडे कुणाच्या तरी गोठ्यात बसून होते आणि फोन लागत नव्हता. आई सारखी मला विचारत होती. मी तोच नकाशा बघत होतो. पाणी उतरल्यावर ते घरी आले, जेवले, झोपले. मला झोप आली नाही.

माझी पट्टी शून्यापासून ५५६ पर्यंत होती. म्हणजे मधला हिरवा पावणेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, पुण्याच्या दुपटीहून जास्त. पण सिग्नलपासून भातापर्यंत सगळीकडे हिरवा म्हणजे ठीक. आण्णांनी बरोबर वाचलं होतं, मी चुकीचं लिहिलं होतं.

रात्री तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला. तुम्हीही फोनवर करून बघा. जेटची दोन्ही टोकं काळपट होतात आणि मधला भाग उजळतो. शिवाजीनगर आणि ताम्हिणी, दोन्ही काळपट! रंग बदलत जातात, पण उजेड एका दिशेने जात नाही. म्हणूनच स्टेफन व्हॅन डर वॉल्ट आणि नॅथनिएल स्मिथ यांनी 'व्हिरिडिस' ही पट्टी तयार केली आणि २०१७ च्या २.० आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबने जेटच्या जागी ती आणली. मी काहीच निवडलं नसतं तर तीच मिळाली असती. मी मुद्दाम जेट लिहिलं होतं.

पण व्हिरिडिसच्या मध्यावरही हिरवाच आहे. मग स्वतःची पट्टी केली. सोपं असतं: 'फ्रॉम लिस्ट' या फंक्शनला नाव आणि रंगांची यादी द्यायची, मधले रंग धरून २५६ टप्पे तेच काढतं. मग ती रजिस्टर केली की नावाने कुठेही वापरता येते. पहिल्या यादीत मी भाताच्या रोपांचा हिरवा ठेवला होता. तो काढला. उरले चार: तुसाचा फिकट पिवळा, ढगाचा राखाडी, धरणाच्या पाण्याचा निळा आणि पिकल्या करवंदाचा काळसर जांभळा. फिकट ते गडद, एकाच दिशेने. ब्लॅक अँड व्हाइट करून तपासलं. नाव दिलं 'करवंद'.

पुढच्या मोठ्या पावसात नवा नकाशा पाठवला. आण्णांचा लगेच फोन. "ताम्हिणीला लई झालाय. आपल्यावर पण गडदच दिसतंय. आता अजून किती यायचाय?"

ते नकाशात नव्हतं. नकाशा पडून गेलेल्या पावसाचा होता. या वेळी मीटिंग सोडून बाहेर आलो आणि म्हणालो, "आण्णा, ते मला माहीत नाही. आज ओढ्यापलीकडे जाऊ नका."