धूम्रपान सोडताना : तल्लफ आणि घसरण

सिगारेटचा किंवा विडीचा झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटिन फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोहोचते. ॲसिटिलकोलिन या शरीराच्या स्वतःच्या रसायनासाठी मेंदूत जे ग्राही असतात, त्यांनाच ते जाऊन चिकटते. त्यामुळे सुखसंवेदनेशी निगडित असलेल्या भागात डोपामिन पाझरते आणि क्षणभर तरतरी येते, हुरूप वाटतो. एका सिगारेटचे साधारण १० झुरके धरले, तर रोज २० सिगारेटी ओढणाऱ्याच्या मेंदूला हा अनुभव दिवसातून २०० वेळा मिळतो. इतक्या वेळा आणि इतक्या झटपट फळ देणारी दुसरी सवय माणसाच्या रोजच्या आयुष्यात क्वचितच असते.

सतत मिळणाऱ्या निकोटिनशी जुळवून घेताना मेंदूतील या ग्राहींची संख्या वाढते. रक्तातील निकोटिन मात्र सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. ते उतरू लागले की वाढलेले ग्राही रिकामे पडतात आणि माणूस अस्वस्थ होतो, चिडचिडतो, त्याचे कामात लक्ष लागत नाही. पुढची सिगारेट पेटवली की हे सारे शमते. ‘सिगारेटने ताण हलका होतो’ हा अनुभव म्हणूनच खोटा नसतो. पण हलका झालेला ताण बराचसा आधीच्या सिगारेटनेच निर्माण केलेला असतो. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण सोडण्यापूर्वीच्या तुलनेत कमी होतात, असा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या २६ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात निघाला.

दुहेरी बंधन

शरीराची निकोटिनची गरज हा व्यसनाचा एक भाग, आणि प्रसंगांशी जडलेली सवय हा दुसरा. सकाळी शौचाला जाताना, चहाबरोबर, जेवण झाल्यावर, गाडीची वाट पाहताना, ऑफिसच्या खाली टपरीवर मित्र जमल्यावर, दारू पिताना अशा ठरलेल्या वेळी सिगारेट ओढली जाते. वर्षानुवर्षांच्या सरावाने तो प्रसंगच तल्लफ जागवू लागतो. शरीराची गरज काही आठवड्यांत ओसरते, पण प्रसंगाशी जडलेली ओढ अनेक महिन्यांनी, कधी वर्षांनीही अचानक डोके वर काढते. उपचाराला या दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो : पहिलीसाठी औषधे आणि दुसरीसाठी सवयींची नवी मांडणी.

शारीरिक अवलंबित्व किती आहे, हे मोजण्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल-ओलोव फागरस्ट्रॉम यांनी १९७८ साली एक प्रश्नावली तयार केली. तिची सुधारित, सहा प्रश्नांची आवृत्ती १९९१ पासून वापरात आहे. त्यांतला सर्वांत बोलका प्रश्न सकाळच्या पहिल्या सिगारेटविषयी आहे. उठल्यावर पाच मिनिटांच्या आत ती लागत असेल तर अवलंबित्व तीव्र समजले जाते. तासाभराहून अधिक काळ सहज निघत असेल, तर ते सौम्य असण्याची शक्यता जास्त असते. दिवसाचा एकूण आकडा कमी असला, तरी पहिल्या सिगारेटची घाई असणाऱ्याला औषधाची गरज अधिक भासते.

विडी सौम्य असते, हा समज चुकीचा आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी विझू पाहते आणि ती पेटती ठेवण्यासाठी झुरके अधिक वेळा आणि खोलवर घ्यावे लागतात. ‘लाइट’ सिगारेट ओढणाराही नकळत लांब झुरके घेऊन नेहमीचे निकोटिन भरून काढतो.

सोडल्यानंतरचे दिवस

शेवटच्या सिगारेटनंतर एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइडची पातळी धूम्रपान न करणाऱ्याइतकी खाली येते. त्याच काळात त्रासाची लक्षणेही दिसू लागतात : तल्लफ, चिडचिड, बेचैनी, उदासपणा, झोपमोड, वाढलेली भूक, बद्धकोष्ठ. काहींना तोंड येते, काहींचा खोकला काही दिवस वाढतो. दुसरा-तिसरा दिवस बहुधा सर्वांत कठीण जातो. बहुतेक लक्षणे दोन ते चार आठवड्यांत मावळतात. ग्राहींची वाढलेली संख्या पूर्ववत होण्यास सुमारे ६ ते १२ आठवडे लागतात. भूक त्यानंतरही काही काळ वाढलेली राहते.

या दिवसांत चहा-कॉफीकडे लक्ष ठेवावे लागते. तंबाखूच्या धुरातील घटक यकृतातील एका विकराला चालना देतात, त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन लवकर बाहेर पडते. धूर बंद झाला की तेवढ्याच चहा-कॉफीतले कॅफिन रक्तात अधिक काळ राहते. त्यातून होणारी छातीची धडधड आणि निद्रानाश सिगारेट सोडल्याच्या खाती जमा होतात. नेहमीचे प्रमाण निम्म्यावर आणल्यास हा त्रास टळतो. ओलान्झापिन, क्लोझापिन आणि थिओफिलिन ही औषधेही याच विकरामुळे पचतात. ती घेणाऱ्यांनी सिगारेट सोडत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक असते, कारण मात्रा कमी करावी लागू शकते.

पहिल्या वर्षात वजन सरासरी चार-पाच किलोंनी वाढते. निकोटिन भूक दाबते आणि शरीराचा उष्मांकखर्च थोडा वाढवते. ते थांबल्याचा हा परिणाम असतो. सिगारेट सोडण्याच्या आठवड्यातच कडक पथ्य सुरू करणे मात्र बहुधा अंगाशी येते, कारण भूक आणि तल्लफ यांची सरमिसळ होते. फुटाणे, काकडी, गाजर, ताक जवळ ठेवणे आणि रोज चालणे एवढे या टप्प्यावर पुरते.

तयारी आणि औषधे

हळूहळू कमी करत सोडावे की एकदम, हा नेहमीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये ६९७ जणांवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने दोन आठवड्यांत सिगारेटी कमी करत नेल्या, दुसऱ्याने ठरलेल्या दिवशी एकदम थांबवल्या. चार आठवड्यांनंतर पहिल्या गटातील ३९ टक्के, तर दुसऱ्यातील ४९ टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते. सर्वसाधारण सल्ला त्यामुळे असा असतो, की येत्या दोन आठवड्यांतील एक तारीख ठरवावी, घरच्यांना आणि सोबत ओढणाऱ्यांना ती सांगावी, आदल्या रात्री पाकिटे, लायटर, राखदाणी घराबाहेर काढावी आणि त्या दिवसापासून एकही झुरका घेऊ नये. हे जमेलसे न वाटणाऱ्याने कमी करत जायला हरकत नाही, मात्र शेवटची तारीख पक्की हवी.

कोणतीही मदत न घेता केलेल्या प्रयत्नांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे प्रयत्न १०० पैकी जेमतेम ३ ते ५ असतात. औषध आणि समुपदेशन यांची जोड दिल्यास हे प्रमाण लक्षणीय वाढते. निकोटिनचा गम, गोळी किंवा पट्टी धुरातील डांबर आणि विषारी वायू वगळून फक्त निकोटिन, तेही संथ गतीने पुरवते. यामुळे यश मिळण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. दिवसभर टिकणारी पट्टी आणि अचानक येणाऱ्या तल्लफेसाठी गम अशी जोडी एकट्या उपायापेक्षा सरस ठरते. भारतात दोन मिलिग्रॅमचा गम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो.

गम निरुपयोगी वाटण्याचे एक मोठे कारण तो चुकीच्या पद्धतीने खाल्ला जातो, हे आहे. तो च्युइंगगमसारखा भराभर चघळला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, मळमळते आणि तल्लफ तशीच राहते. काही वेळा सावकाश चावून तिखटसर चव लागताच तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा, असे साधारण अर्धा तास करायचे असते. त्याआधी १५ मिनिटे चहा, कॉफी, लिंबू सरबत घेऊ नये. आम्लयुक्त तोंडात निकोटिन नीट शोषले जात नाही.

तंबाखूला चुना लावण्यामागे हेच रसायन उलट्या दिशेने काम करते. चुन्याच्या अल्कलीमुळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून वेगाने रक्तात उतरते. महाराष्ट्रात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. तंबाखूची पुडी किंवा मिशरी आसपास सहज उपलब्ध असल्याने सिगारेट सोडणारा तिकडे वळण्याचा धोका असतो. त्यात व्यसन कायम राहते आणि तोंडाच्या कर्करोगाची जोखीम वाढते. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे तीही वाट उरलेली नाही.

निकोटिनविरहित औषधांत व्हॅरेनिक्लिन सर्वांत प्रभावी औषधांपैकी एक मानले जाते. ते निकोटिनच्याच ग्राहींवर बसते आणि त्यांना अर्धवट उद्दीपित करते. तल्लफ त्याने कमी होते, आणि वर सिगारेट ओढलीच तर नेहमीचा आनंद मिळत नाही. ते तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करून साधारण १२ आठवडे घेतात. बुप्रोपिऑन हा दुसरा पर्याय. फेफऱ्याचा आजार असलेल्यांना तो देत नाहीत. दोन्ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात. गर्भवती स्त्रियांनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी निकोटिनचे गम-पट्टीसुद्धा परस्पर सुरू करू नये.

तल्लफ आली असता

तीव्र तल्लफ बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटे टिकते. ती वाढत वाढत असह्य होईल आणि सिगारेट ओढल्याशिवाय थांबणारच नाही, अशी भीती ओढणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती शिखर गाठून आपोआप उतरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी तिला समुद्राच्या लाटेची उपमा दिली आणि तिच्याशी झुंजण्याऐवजी तिच्यावर तरंगत राहण्याचे तंत्र शिकवले : तल्लफ शरीरात कुठे जाणवते, घशात की छातीत, ती चढते आहे की ओसरते आहे, हे शांतपणे पाहत राहायचे.

रोजच्या व्यवहारात चार साध्या कृती उपयोगी पडतात : घड्याळ पाहून दहा मिनिटे थांबणे, संथ खोल श्वास घेणे, घोट घोट पाणी पिणे आणि जागा किंवा काम बदलणे. तल्लफेला दाद न दिलेल्या प्रत्येक प्रसंगागणिक त्या प्रसंगाची तिला जागवण्याची ताकद क्षीण होत जाते. मधूनच एखादी सिगारेट ओढली, तर ही प्रगती पुसली जाते. कधीमधी मिळणारे फळ सवय अधिकच चिवट करते.

प्रसंगांची व्यवस्था आधीच लावलेली बरी. जेवणानंतर लगेच उठून शतपावली किंवा बडीशेप, चहाची जागा टपरीऐवजी ऑफिसची पँट्री, पहिले काही आठवडे दारूच्या बैठकीला नकार, आणि कुणी सिगारेट पुढे केली तर द्यायचे ठरलेले उत्तर. ‘मी सध्या बंद केली आहे’ यापेक्षा ‘मी ओढत नाही’ हे उत्तर आग्रहाला कमी वाव देते.

घसरण आणि पुनरावृत्ती

मदतीविना केलेले बहुतेक प्रयत्न पहिल्या आठ दिवसांतच मोडतात. ते मोडण्याचे प्रसंगही ठरावीक असतात : भांडण किंवा वाईट बातमी, दारू, आणि शेजारी कुणी ओढत असणे. काही महिन्यांनंतरची घसरण वेगळ्या वाटेने येते. लग्न, सहल, जुन्या मित्रांची भेट अशा आनंदाच्या वेळी ‘आता सुटलीच आहे, एक ओढून काय होणार’ हा विचार मनात येतो. सुटी सिगारेट हाताशी असली की तो विचार लगेच कृतीत उतरतो. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागे हेही कारण लक्षात घेण्याजोगे आहे.

एखाद-दुसरी सिगारेट ओढणे ही घसरण, आणि रोजची सवय परत लागणे ही पुनरावृत्ती. या दोहोंमधले अंतर कमी असते, तरी ते मोकळे असते आणि तिथे थांबता येते. मार्लॅट यांनी दाखवून दिले, की एका सिगारेटमधील निकोटिनइतकेच तिच्यामागून येणारे विचार घातक असतात : ‘माझ्यात दमच नाही’, ‘सगळे वाया गेले, मग पाकीट संपवायला काय हरकत’. अपराधी भावना नवी अस्वस्थता निर्माण करते आणि अस्वस्थतेवरचा माहितीतला उपाय पुन्हा सिगारेटच असते.

घसरणीनंतर करायच्या गोष्टी थोड्या आणि तातडीच्या आहेत. उरलेल्या सिगारेटी लगेच टाकून द्याव्यात. नवी तारीख शोधत बसू नये. पुढचा तासच नव्याने सुरुवात करण्याचा असतो. चालू असलेली पट्टी किंवा औषध बंद करू नये. कुठे, कोणासोबत, कोणत्या मनःस्थितीत आणि सिगारेट कुठून मिळाली, हे लिहून काढावे आणि त्या नेमक्या प्रसंगासाठी उपाय ठरवावा. औषधाची मात्रा कमी पडली असेल, तर डॉक्टरांशी बोलून ती बदलावी. घरच्यांनी अशा वेळी टोमणे मारले, तर माणूस पुढची घसरण लपवू लागतो आणि मदत मिळण्याची शक्यता संपते.

सवय पुन्हा पुरती लागली, तरी आधीचा प्रयत्न वाया जात नाही. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८३ साली मांडलेल्या परिवर्तनाच्या टप्प्यांत परत ओढू लागणे हा प्रवासाचाच एक भाग मानला आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ओढणाऱ्यांवरील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार यश येईपर्यंत अनेकांना ३० किंवा त्याहून अधिक प्रयत्न लागू शकतात.

मदत आणि लाभ

केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून सुरू असून तिच्यावर मराठीतही समुपदेशन मिळते. तिच्या केंद्रांपैकी एक मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आहे. तंबाखूच्या पाकिटावरील चित्रमय इशाऱ्यासोबत हा क्रमांक छापणे २०१८ पासून बंधनकारक आहे.

सोडण्यास उशीर झाला, असे कोणत्याही वयात म्हणता येत नाही. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटनच्या पुरुष डॉक्टरांची ५० वर्षे पाहणी केली. आयुष्यभर ओढणाऱ्यांचे आयुर्मान सुमारे १० वर्षांनी घटलेले त्यांना आढळले. तिशीत सोडणाऱ्यांनी ही जवळजवळ सगळी १० वर्षे परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी ९, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी ६ आणि साठीत सोडणाऱ्यांनी ३. हृदयविकार किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार आधीच जडलेल्यांनाही सोडल्याचा फायदा होतो : पुढचा झटका टळण्याची शक्यता वाढते आणि श्वसनक्षमतेची घसरण मंदावते.